टाकी रिकामी करायला निघालेली गाडी

नको गं, पेन नको देऊस. सही मला येत नाही, अंगठा येतो, आणि तो अंगठा आत्ता या हातमोज्यात बसलाय — बघ, कसे आहेत? नवे आहेत. सुनेने आणले, विमानात गार असतं म्हणे. आता विमान कुठे आणि मी कुठे, इथे पंपावर घामाच्या धारा लागल्यात, पण काढवत नाहीत. हसू नकोस — बरं हस, मी तरी सकाळपासून दुसरं काय करतेय? ती हिरवी गाडी दिसते का, शेवटच्या मशीनपाशी, पाठीवर गादीचं चित्र काढलेली? ती आमची. मुलगा म्हणाला, आई, रांग आहे, चाकांतली हवा पण बघायचीय, तू इथे सावलीत बस. म्हणून बसले, आणि तू आलीस कागद घेऊन. बस की जरा. अशी डोक्यावर उभी राहून बोललीस तर कोण घेईल तुझ्याकडून काही?

काय म्हणालीस, पॉइंट मिळतात? अगं बाई, पॉइंट काय असतात ते मला सांगतेस? तू बँकेच्या कार्डवाली ना? आणि तो पलीकडे टोपी घालून उभा आहे तो पंपाचं कार्ड देतो. मग तुम्ही दोघं एका छत्रीखाली कसे गं उभे राहता? डबा पण एकत्र खाता? कमाल आहे. आमच्याकडे या दोन कार्डांनी भावाबहिणीचं तोंड बंद केलं होतं. खोटं नाही सांगत. ऐकायचंय? ऐक मग, गाडीला वेळ आहे अजून.

कुठल्याशा एका शहरात, पंपाच्या मागच्या गल्लीत, एक म्हातारी राहायची. तिला दोन लेकरं. थोरला गादीवाला आणि धाकटी कार्डवाली. म्हातारी कोण ते तुला कळलंच असेल. तर हा थोरला — गाडी स्वतःची, पण धंदा दुकानाचा, दुकानातून गाद्या उचलायच्या आणि लोकांच्या घरी पोचवायच्या, तिसऱ्या मजल्यावर, पाचव्या मजल्यावर, लिफ्टमधे गादी मावत नाही म्हणून जिन्याने. हाडाचा कष्टाळू, पण हट्टी म्हणजे किती — लहानपणी एकदा चप्पल उलटी घातली, मी म्हटलं उलटी घातलीस, तर दिवसभर तशीच घालून फिरला, म्हणे मला अशीच आवडते. आणि धाकटी त्याच्यावर कडी. चपलांच्या दुकानात गल्ल्यावर बसायची, लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. जावई लिफ्ट दुरुस्त करतो. गरीब माणूस, म्हणजे स्वभावाने गरीब. तिच्यापुढे कोण श्रीमंत राहणार!

आता थोरल्याचा देव म्हणजे पंपाचं कार्ड. एकच पंप, दुसरीकडे तोंड वाकडं करून बघणार नाही. तिथे पेट्रोल भर, पॉइंट घे, पॉइंटावर बादली घे, छत्री घे, बॅटरी घे. आमच्या घरात छत्र्या इतक्या झाल्या की पाऊस कमी पडायला लागला. आणि धाकटीचा देव म्हणजे बँकेचं कार्ड, तुझ्यासारखंच, फक्त तिचं निळं होतं. साबण घेतला, पॉइंट. औषध घेतलं, पॉइंट. सासऱ्यांचा दात काढला त्याचेही पॉइंट मिळाले तिला, मला फोन करून सांगितलं हसत हसत. मी काय म्हणते, पंपाचं कार्ड म्हणजे आत्यासारखं — तिच्याच दारात जावं लागतं, दुसरीकडे जेवलात तर रुसते, पण गेलात की ताट भरून वाढते. आणि बँकेचं कार्ड म्हणजे लांबचा मामा, रस्त्यात कुठेही भेटला तरी खिशात काहीतरी कोंबणार, हसतमुख — पण त्याची परत भेटायची तारीख चुकव बघू! मग त्याच्याइतका वाईट कोणी नाही. खरं की नाही? तू मान हलवलीस. तुला हे सांगू नको म्हणून शिकवलं असेल ना वरच्यांनी?

तर तेच झालं. धाकटीने लाडाने दादाला आपल्या कार्डाचं जोडकार्ड काढून दिलं. म्हणाली, दादा, तू एवढं पेट्रोल जाळतोस, यावर भर, तुझं नाव आणि माझे पॉइंट. त्याने भरलं, स्वतःचं सोनेरी खिशातच ठेवून. पण पंपावर ते घासलं की वर थोडा आकार लागतो म्हणे, तो बघूनच याचं डोकं फिरलं, आणि पुढे तारीख चुकली. कोणाची चुकली? तो म्हणतो तिने आठवण केली नाही, ती म्हणते मी तीनदा मेसेज केला, आणि हा मेसेज कधी बघतो का, त्याचा फोन गाडीत सीटखाली गेलेला असतो. व्याज लागलं. आणि हा शहाणा कुठे जाऊन बोलला असेल? तिच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, सासूसासऱ्यांसमोर. म्हणाला, "तुझं कार्ड म्हणजे मासे पकडायचा गळ आहे आणि तू भावालाच लावलास." ती पण काय कमी — "आणि तू रे? बादल्यांसाठी जन्म घालवलास! घरात माणसं कमी, बादल्या जास्त!" सासरे बिचारे दात नसलेल्या बाजूने घास चावत होते, ते तसेच थांबले. हा उठला, हात न धुता निघाला. बस. तिथून बोलणं बंद. मुलं भांडली की आईने काय करायचं सांग? इकडची बाजू घेतली तर तिकडची रडते. मी दोघांचंही ऐकायचे आणि म्हणायचे, हो रे, हो गं.

मग जावयाची बदली आली. लांब. इतक्या लांब की रेल्वेने जायला दोन जेवणं गाडीत करावी लागतात. धाकटीचा फोन आला, "आई, रविवारी सामान जाणार, सोमवारी आम्ही. दादाला सांगू नकोस." आता 'सांगू नकोस' म्हणजे काय गं? म्हणजे सांग! मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तर गादीवाला म्हणतो कसा, "जाऊ दे. तिला मोठा मामा मिळालाय ना बँकेचा, तो येईल सामान उचलायला." पण जेवला नाही नीट. मी बघत होते. वाटीतला घास वाटीतच फिरवत होता. मनात आलं, ही दोघं अशीच न बोलता लांब गेली ना, तर मग कोण कोणाच्या दारात जातंय? मी डोळे मिटायची वेळ आली तरी एक या बाजूला आणि एक त्या बाजूला, मधे मी — छे छे, तसलं काही आज बोलायचं नाही.

आता गंमत ऐक. तो रविवार म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस. आणि पंपाच्या कार्डाचं असं असतं — बघ तुला तरी माहीत आहे का — त्यात साधं आणि सोनेरी असतं. याचं सोनेरी. वर्षानुवर्षं पॉइंट साठवत होता, कशासाठी, तर गाडीला चार नवी चाकं घ्यायची होती, पॉइंटावर. पण सोनेरी राहायचं तर ठरावीक पेट्रोल ठरावीक दिवसाच्या आत भरावं लागतं, नाहीतर कार्ड साधं होतं आणि साठवलेले पॉइंट फुर्रर्र. याला एक भरणी कमी पडत होती. एकच. मग भर की! भरणार कुठे? आदल्या दिवशी दुकानाच्या मालकाने गाडी मागून नेली होती घरच्या कामाला, आणि उपकार म्हणून टाकी गच्च भरून परत दिली. आणि तीही दुसऱ्या पंपावर! स्वतःच्या बँकेच्या कार्डाने! थोरला टाकीचं झाकण उघडून आत बघत बसला, जसा काही कोणी मेलंय आत.

"डब्यात घ्या की," सून म्हणाली. डब्यात देत नाहीत. "शेजाऱ्यांच्या गाडीत भरा तुमच्या कार्डावर." शेजारी स्वतः सोनेरी! तो म्हणाला, माझे पॉइंट मी तुला का देऊ. मग हा उठला, आणि शांतपणे म्हणाला, "चला, गाडीत बसा सगळे." सून म्हणाली, "कुठे?" म्हणाला, "कुठेच नाही. टाकी रिकामी करायला." "अहो, पॉइंट वाचवायला पेट्रोल जाळायचं? तुम्हाला कोणी औषध दिलंय का चुकीचं?" तर म्हणतो, "तुला हिशोब कळत नाही." आणि अगं पोरी, जास्त जळावं म्हणून गाडी जड केली त्याने! मागे दोन गाद्या होत्याच पोचवायच्या राहिलेल्या, प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या, त्यावर सगळ्या बादल्या पाण्याने भरून ठेवल्या, शिलाईचं मशीन ठेवलं, आणि वर आमची नात भिंगरी बसली — तिला भिंगरीच म्हणतात, एका जागी राहत नाही म्हणून. खिडक्या उघड्या आणि आतलं गार करायचं यंत्र सुरू. सून म्हणाली, "तुम्ही रस्त्याला गारवा देताय." मी पुढे बसले, मांडीवर पिशवी, आणि हसू येत होतं पण तोंडाला पदर लावला होता.

निघालो. आता कुठे जायचं ते ठरलेलं नाही ना, मग जिकडे रस्ता नेईल तिकडे. पहिल्या चौकात म्हणाला, सरळ जातो. मी म्हटलं, "अरे, सरळ नको, ऊन डोळ्यांवर येतंय माझ्या." वळला. पुढे पूल आला, म्हटलं, "पुलावरून नको रे, मला गरगरतं, खालून घे." खालून घेतलं. मग कारखान्यांचा वास आला, म्हटलं, "उजवीकडे वळव, मळमळतंय." मागे सून बसली होती ना. तिला कळलं होतं, बाई हुशार आहे. आरशात माझ्याकडे बघितलं तिने आणि म्हणाली, "आईंना ऊन फार लागतंय हो आज." आणि खरंच — ऊन कुठे होतं गं! आभाळ आलेलं होतं सगळं! — अरे देवा. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. थोरल्याला अजून वाटतं, त्या दिवशी चाकं आपोआप वळली. तू सांगणार नाहीस ना? तुझ्या कार्डाची शपथ आहे तुला.

तर आपोआप वळत वळत गाडी कुठे थांबली? धाकटीच्या बिल्डिंगसमोर. तिथे सामानाचा मोठा ट्रक उभा. थोरल्याने ब्रेक मारला, मागे दोन-तीन बादल्या आडव्या, भिंगरी ओलीचिंब, किंचाळतेय आनंदाने. आणि हा स्टेअरिंगला धरून तसाच बसला. मला म्हणाला, "आई, मी उतरणार नाही." मी म्हटलं, "नको उतरूस. कोण म्हणतंय? पेट्रोल जळतंय ना? जळू दे." बसलो आम्ही, इंजिन सुरू ठेवून. वरून धाकटी बघत होती गॅलरीतून, ती पण खाली येत नव्हती. एकीचा हट्ट गॅलरीत, एकाचा गाडीत, आणि मी मधे पाण्यात पाय घालून. देवाशप्पथ, त्या क्षणी मला वाटलं, झालं, संपलं, आता हा गाडी वळवणार आणि परत या गल्लीत कधी येणार नाही.

आणि तेवढ्यात हमालांनी तिची गादी बाहेर आणली. मोठी, जोडगादी, लग्नात यानेच निवडून दिलेली, आत नारळाच्या काथ्याचा कडक थर असलेली. आणि ते दोघं ती दुमडायला लागले. मधून! गुडघा देऊन! अगं, माझा मुलगा — मी उतरणार नाही म्हणणारा — दार उघडून असा धावला की चप्पल गाडीतच राहिली. "अरे ए! काय करताय! काथ्याची गादी दुमडतात का? कणा मोडतो तिचा! सोडा, सोडा आधी!" त्यांच्या हातातून हिसकावली, उभी केली, कड ट्रकच्या भिंतीला लावली, आणि म्हणाला, "दोरी." हमाल बघतच राहिले. परत ओरडला, "दोरी द्या कोणीतरी!" आणि दोरीचं टोक त्याच्या हातात कोणी दिलं असेल? धाकटीने. जिना कधी उतरली मला दिसलं पण नाही.

पण बोलले का? छे! त्याने दोरी ओढली, तिने ओढली. मग तो म्हणाला, "आई, तिला सांग, गाठ खाली घे." मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी. ती म्हणाली, "आई, त्याला सांग, मला गाठ मारायला त्यानेच शिकवलंय." मी म्हटलं, "तुमचं तुम्ही सांगा, मी काय पोस्टमन आहे?" जावई मधे येऊन म्हणाला, "दादा, पाणी घेता का?" तर धाकटी म्हणाली, "त्यांच्याकडे बादल्या आहेत भरलेल्या." आणि — अगं, आधी हमाल हसला. मग सून. मग थोरल्याचे खांदे हलायला लागले, पाठमोरा होता, मला वाटलं रडतोय, तर हसतोय! ट्रकला डोकं टेकून हसतोय! आणि ती त्याच्या पाठीत बुक्क्या मारतेय, "काय रे, माझ्या दारात यायचं नव्हतं ना तुला? मग गच्च भरलेली बिऱ्हाडासारखी गाडी घेऊन कुठे चालला होतास?" आणि हा सरळ उभा राहून, डोळे पुसत, खरं खरं सांगतो, "टाकी रिकामी करायला." तेव्हा तर सासरे पण हसले, दोन्ही बाजूंनी.

मग काय, ट्रकमधे सगळं मावलं नाही. उरलेलं यांच्या गाडीत, बादल्या ओतून टाकल्या, आणि ट्रकच्या मागोमाग मालवाहतुकीच्या गोदामापर्यंत, परत, परत गोदाम — टाकी झाली की अर्धी कामातच. संध्याकाळी धाकटी म्हणाली, मी पण येते पंपावर, मला बघायचाय तुझा तो सोनेरी पंप. आलो, इथेच, त्या शेवटच्या मशीनपाशी. टाकी भरली. त्याने आपलं कार्ड टेकवलं, पॉइंट घेतले, आणि पैसे काढायला खिशात हात घालतो तर हिने झडप घातली, "आज मी देणार." "तू नाही देणार." "मी देणार!" "अगं, वर आकार लागतो!" "तो परत मिळतो आता, जाहिरात वाच कधीतरी!" आणि घासलं तिने आपलं निळं कार्ड. आणि दोन फोन वाजले. एकदम. टिंग — टिंग. याच्या फोनवर, तुमचे पॉइंट जमा. तिच्या फोनवर, तुमचे पॉइंट जमा. दोघं एकमेकांकडे बघताहेत. फोनकडे बघताहेत. "म्हणजे दोन्ही मिळतात?" ती म्हणाली. "एकाच पेट्रोलवर?" हा म्हणाला. अगं, एवढं भांडण, एवढे महिने, हे की ते, तुझं की माझं, आणि दोघांपैकी एकानेही कधी एका वेळी दोन्ही पुढे करून बघितली नव्हती! कसे बघणार, एका जागी उभे राहतील तेव्हा ना! मी तर तिथे खालीच बसले. हसून हसून पोट दुखलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवताहेत आणि आम्ही सगळे एकमेकांना धरून.

चाकं? मिळाली की, ती बघ, नवी कोरी, त्यातलीच हवा बघतोय तो आत्ता. आणि जोडकार्ड परत घेतलं त्याने. आता प्रत्येक भरणीला आधी आपलं टेकवतो, मग तिचं घासतो, आणि तारीख आली की धाकटी मेसेज करत नाही, सरळ सुनेला फोन करते. तिच्या कार्डावर इतके पॉइंट जमले, इतके जमले की परवा फोन आला, "आई, मी तिकिटं काढली. विमानाची. तुझं, दादाचं, वहिनीचं, भिंगरीचं. नको म्हणायचं नाही." आणि थोरला लगेच फोन ओढून काय म्हणाला माहितीय? "विमानतळापर्यंतचं पेट्रोल माझ्या खिशातून हां. ते तू नाही देणार."

तर ते आज. आज गं! मी एवढी का बडबडतेय, असं बघतेस ना माझ्याकडे? खरं सांगू? विमानाची भीती वाटतेय. मी उंचावर कधी गेले नाही, पुलावरून सुद्धा मला खरंच गरगरतं, ते काही सगळं नाटक नव्हतं. त्यांना बोलले नाही. बोलले असते तर सून म्हणाली असती आपण रेल्वेने जाऊ, आणि थोरला म्हणाला असता पॉइंट वाया जातील, आणि परत सुरू! नको बाई. हातमोजे घालून डोळे मिटून बसेन. तिकडे उतरले की दारात धाकटी असणार. आज रात्रीचं जेवण एका टेबलाला, दोघंही. कितीतरी दिवसांनी मी दोन्हीकडे वळून वाढणार आहे.

आले, आले! हॉर्न ऐकलास? तो आमचाच, गाडीपेक्षा मोठा हॉर्न आहे. अरे हो, येतेय! पैसे दिलेस का? दोन्ही टेकवलीस ना? — बरं पोरी, तुझा कागद घे तुझा, मला काय करायचाय तो. त्या टोपीवाल्याला दे, तो घेईल तुझं, तू त्याचं घे. नको, पिशवी नको उचलूस, मी उचलते. सर बाजूला. अगं सर म्हणतेय ना, विमान थांबत नाही माझ्यासाठी!